तिशीला दहा महिने कमी

स्कॉटलंडमध्ये एडिंबरातल्या लीथला आमची सॅम्पल रूम आहे, म्हणजे व्हिस्कीचे नमुने तपासायची खोली; तिथे व्हिस्की कोणी पीत नाही. हे सांगितलं की पुण्याचे नातेवाईक हसतात. सगळं काम नाकाचं. सकाळी, जेवणाआधी, अत्तर न लावता. नमुन्यात पाणी घालून तो 20 टक्क्यांवर आणायचा, हुंगायचा, शेवटी घोटभर तोंडात फिरवून थुंकायचा. ग्लास निळे, कारण रंग दिसला की नाक खोटं बोलायला लागतं. ‘गडद म्हणजे जुनी’ ही गिऱ्हाइकांची समजूत काही केल्या जात नाही; स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला कायद्याने मुभा आहे, हे शेकडो पौंड मोजणाऱ्यांनाही माहीत नसतं.

गेल्या महिन्यात स्पेसाइड या स्कॉटलंडमधल्या व्हिस्कीच्या भागातून एका पिंपाचा नमुना आला. हॉग्जहेड, म्हणजे साधारण 250 लिटरचं ओकचं पिंप, वय 29 वर्षं 2 महिने. भरलं तेव्हा अल्कोहोल 63.5 टक्के, सोबतच्या कागदावर आता 40.2. वाचून पोटात गोळाच आला. इथल्या थंड, दमट गोदामात पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त वेगाने उडतं आणि टक्का दरवर्षी खाली सरकतो. 40 च्या खाली गेला की तो माल कितीही जुना असला तरी स्कॉच म्हणून विकता येत नाही.

पण आकड्यावर माझा विश्वास बसेना. इतक्या वर्षांत लाकडाचा अर्क उतरून द्रव जड होतो, त्यामुळे घनतेवरून टक्का सांगणारा हायड्रोमीटर खऱ्यापेक्षा कमी टक्का दाखवतो. म्हणून नमुना मोजून घेतला, काचेच्या उपकरणात ऊर्ध्वपातित केला, अर्क तळाशी सोडून आलेला द्रव पाणी घालून मूळ मापाला आणला आणि मग घनता मोजली. खरा आकडा 40.6. एवढ्या जुन्या पिंपाला हे दर वर्षी करायला हवं. गोदामवाल्यांना विचारलं तर म्हणाले, ‘कोणी मागितलं नव्हतं.’

मग आम्ही तिघं बसलो. पाणी न घालता हुंगलं तेव्हा मधाच्या पोळ्याचं मेण आणि अति पिकलेला अननस. हा वास कोवळ्या पिंपात सापडतच नाही. त्यासाठीच लोक एवढी वर्षं थांबतात. नंतर जवळजवळ बरोबरीने पाणी घातलं आणि अननस गेला. उरली ओली फळी. तोंडात घेतल्यावर नुसता कात चघळल्यासारखा तुरटपणा, बराच वेळ जिभेच्या कडांना धरून राहिलेला. आमच्या पॅनेलप्रमुख बाई या धंद्यात माझ्या जन्माआधीपासून आहेत. त्यांनी कागदावर लिहिलं: ‘आत्ताच बाटल्या भरा.’ मीही तेच लिहिलं होतं.

विक्रीवाल्याने चाखलंच नाही. ‘दहा महिने थांबा की, तीस होतील!’ 29 आणि 30 मध्ये चवीचा फरक मला डोळे बांधून सांगता येणार नाही, भावाचा मात्र आंधळ्यालाही कळेल. टक्क्याची काळजी असेल तर स्टीलच्या टाकीत काढून ठेवू, असंही त्याने सुचवलं. ओकच्या पिंपाबाहेर वय मोजलं जात नाही, हे त्याला मला सांगावं लागलं. त्याच डिस्टिलरीच्या दुसऱ्या, जास्त टक्क्याच्या जुन्या पिंपात हे मिसळता येईल, पण मग ‘एकाच पिंपाची’ हे लेबलवरून जाणार. तेही त्याला नको.

मी हिशेब मांडला: आजवरची घट वर्षाला सरासरी 0.8 टक्क्याच्या जवळपास. दहा महिन्यांनी आपण नेमके 40 च्या रेषेवर असू, किंवा खाली.

त्या कोरड्या हुंगण्यातला अननस मात्र अजून मला छळतोय. पाणी न घालताच पिणाऱ्यासाठी ही व्हिस्की कदाचित अजून चढणीवर असेल. वीस टक्क्यांवर आणून न्याय करण्याची आमची रीत अशा म्हाताऱ्या मालाला लागू पडते का?

ठरलं असं, की दर दोन महिन्यांनी नमुना काढायचा आणि खरा आकडा 40.3 वर आला की कोणालाही न विचारता बाटल्या भरायच्या. ही ओळ मी इतिवृत्तात घालून सह्या घेतल्या. विक्रीवाल्याने सही केली आणि त्याच संध्याकाळी खोक्यांची ऑर्डर दिली. खोक्यावर 30 छापलंय.