पाचव्या ग्रीनवर गवे

"तात्या, पाचव्यावर रात्री गवं येऊन गेल्यात. लई खुरं उमटल्यात." पहाटेच्या धुक्यातून धापा टाकत आलेल्या पोरानं एवढंच सांगितलं आणि मी होल कटर (जमिनीत गोल होल पाडायचं अवजार), फॉर्क नि वाळूची घमेली घेऊन निघालो. नऊ वाजता पाहुण्यांची गोल्फ स्पर्धा सुरू व्हायची होती.

महाबळेश्वरच्या डोंगरातल्या आमच्या नऊ होलच्या मैदानाची निगा माझ्याकडे आहे. खाली सगळा जांभा, त्यावर जेमतेम माती आणि वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. इथं ग्रीन जगवणं म्हणजे पावसाळाभर पाण्याशी भांडणं. होल म्हणजे चेंडू घालायचा खड्डा; त्याभोवतीचं ग्रीनचं हे गवत आपल्या हरळीच्याच जातीचं, पण तीन-चार मिलिमीटरवर कापलेलं. त्यावर हजार किलोच्या आसपासचा नर चालला की काय होतं ते त्या सकाळी दिसलं. ग्रीनच्या खालच्या अर्ध्या भागात चार-चार बोटं खोल खुरं रुतली होती.

उथळ ठसा उचलायचा नसतो. फॉर्कनं मधली माती वर उपसली की मुळं तुटतात आणि आठवड्याभरात तिथं तपकिरी डाग पडतो. कडेची माती चोहोबाजूंनी आत ढकलायची आणि वरून पायानं दाबायची. खोल ठशांचं तसं होत नाही. तिथलं गवत होल कटरनं गोल कापून काढलं, नर्सरीतून तेवढ्याच मापाचे तुकडे आणून बसवले, फटीत वाळू भरली. पोरं गुडघ्यावर बसून काम करत होती, बोलत कुणीच नव्हतं. तरी सगळं होणार नाही हे दिसत होतं. मग होलच हलवला: वरच्या बाजूला, काठापासून चार पावलं आत, उतार सारखा असेल अशा जागी. खालच्या भागाला पांढरी रेघ मारून तो 'दुरुस्तीखाली' जाहीर केला. रेघेबाहेर राहिलेले बारीक ठसे खेळाडूंनी स्वतः बुजवले तरी चालणार होतं. 2019 पासूनच्या नियमांत ग्रीनवरचे जनावरांचे ठसे दुरुस्त करायला मुभा आहे.

काम उरकतंय तोवर कळलं की कळप गेलेलाच नाही. सहाव्या फेअरवेच्या, म्हणजे होलकडं जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, टोकाला, जांभळीच्या झाडांखाली उभा आहे, सोबत वासरू आहे. वरिष्ठांनी फटाके लावायचे का म्हणून विचारलं. मी साफ नाही म्हटलं. वासरू सोबत असलेला बिथरलेला कळप कुठं धावेल याचा भरवसा नसतो, आणि गवा हा कायद्यानं संरक्षित प्राणी आहे. वनरक्षकांना फोन केला. त्यांनीही तेच सांगितलं: लांब राहा, जंगलाकडची वाट मोकळी ठेवा, आपणहून जातील. मी तिकडं दोन माणसं उभी केली आणि कळपाच्या जवळ कुणी जायचं नाही, असं खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्या कॅडींना बजावलं.

गंमत पुढं झाली. मूळचे वाईचे, पण सारी हयात मुंबईत गेलेले एक वयस्कर डॉक्टर सहाव्यावर आले. मुंबईत ज्या काठीनं दीडशे यार्ड जातो, तीच त्यांनी घेतली. आम्ही साडेतेराशे मीटरवर. हवा विरळ, चेंडू पाचेक टक्के जास्त जातो. त्यांचा तसाच गेला आणि कळपापासून वीसेक पावलांवर थांबला. वासरू पुढं आलं, चेंडू हुंगला, नाकानं ढकलला. चेंडू उतारावरून घरंगळत खालच्या झुडपात गेला.

त्यांच्या गटातल्या चौघांत वाद सुरू झाला. एक म्हणाले, आता झुडपातूनच खेळा. दुसरे म्हणाले, चेंडू गेला, दंड घ्या. डॉक्टर मात्र शांतपणे माझ्याकडे वळले, "तात्या, नियम काय सांगतो?"

मी सांगितलं. थांबलेला चेंडू जनावरानं हलवला तर दंड नाही. तो होता त्याच जागेवरून खेळायचा. पण ती जागा गव्यांच्या तोंडाशी. जिवाला धोका असेल तर नियम 16.2 प्रमाणे तिथूनही फुकट सुटका मिळते: धोका नसलेली सर्वांत जवळची जागा धरायची, तिथून एका काठीच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडायचा. दोन्ही नियम एकाच चेंडूला लागलेले मी पहिल्यांदाच पाहिले. झुडपातला चेंडू आणायला कुणी गेलं नाही. डॉक्टरांनी दुसरा घेतला. जागा आम्ही पावलांनी मोजून ठरवली, कळपाकडं पाठ न करता. त्यांनी चेंडू सोडला, छोटी काठी घेतली, ग्रीनवर नेला आणि दोन पटमध्ये, म्हणजे ग्रीनवरच्या दोन हलक्या फटक्यांत, होल संपवला. वाद घालणाऱ्यांनीच आधी टाळ्या वाजवल्या.

दुपारी कळप आपसूक कोयनेच्या बाजूच्या जंगलात उतरला.

आता मैदानाला विजेचं कुंपण घालावं असा विचार चालू आहे. मी विरोध करतोय आणि करत राहीन. पाचव्या ग्रीनच्या खालून जाणारी वाट त्यांची जुनी आहे, आमच्या गावातले म्हातारेही तिला गव्याची वाट म्हणतात. ती अडवली तर कळप स्ट्रॉबेरीच्या रानांत शिरेल आणि नुकसान शेतकऱ्याचं होईल. मी पर्याय लिहून दिलाय: त्या बाजूची पन्नास पावलं गवत न कापता सोडायची, पाचव्या ग्रीनला पाणी संध्याकाळऐवजी पहाटे द्यायचं, म्हणजे रात्री ओली लुसलुशीत हिरवळ त्यांना बोलावणार नाही. पाण्याची वेळ मी बदललीही आहे.