दुखरे खांदे आणि १९७७ चे नियम

ब्रिटनमधील ज्या गोदामात मी काम करतो, तेथे गेल्या वर्षी सहकाऱ्यांच्या पसंतीने युनियनने माझी सुरक्षा प्रतिनिधी म्हणून नेमणूक केली. इतरांना हेल्मेट घालण्याची आठवण करून देणे एवढेच हे काम असावे, अशी माझी समजूत होती. युनियनच्या प्रशिक्षणवर्गात ती पहिल्याच दिवशी मोडली.

शिक्षिकेने भिंतीवर माणसाची आकृती काढलेला मोठा कागद लावला, प्रत्येकाच्या हाती लाल टिकल्या दिल्या आणि जेथे दुखते तेथे त्या चिकटवायला सांगितल्या. बसचालकांच्या टिकल्या कमरेवर गेल्या, सफाई कामगारांच्या मनगटांवर. मी माझी उजव्या खांद्यावर लावायला गेलो, तर दुसऱ्या एका गोदामातील बाईंची टिकली तेथे आधीच होती. वयामुळे दुखते असे समजून मी ज्या खांद्याला दोन वर्षे मलम चोळत होतो, ते दुखणे माझ्या एकट्याचे नव्हते, हे मला त्या कागदावर प्रथम दिसले.

कायदा त्यानंतर आला आणि म्हणूनच तो डोक्यात राहिला. कामाच्या ठिकाणच्या आरोग्य व सुरक्षेचा मूळ कायदा १९७४ चा. त्याखालील सुरक्षा प्रतिनिधींचे नियम १९७७ चे. या नियमांनुसार प्रतिनिधीला दर तीन महिन्यांनी कामाच्या जागेची पाहणी करता येते, मालकाकडून आवश्यक माहिती मागता येते आणि प्रशिक्षणासाठी भरपगारी वेळ मिळतो. (हा वेळ बिनपगारी धरला जाईल, असे आमच्या पर्यवेक्षकांनी मला आधी सांगितले होते. खरा नियम बहुधा त्यांनाही ठाऊक नसावा.) मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती एक वेगळीच तरतूद: या नियमांनी प्रतिनिधीला अधिकार दिले, पण सुरक्षेची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर टाकलेली नाही, ती मालकाचीच राहते. हेल्मेट आणि हातमोजे यांचा क्रमही शेवटचा, कारण धोका मुळातून काढता येतो का, हे आधी पाहायचे असते.

परत आल्यावर तसाच कागद मी आमच्या जेवणाच्या खोलीत लावला. आठवडाभरात उजव्या खांद्यावर टिकल्यांना जागा उरली नाही. मग पाहणीच्या वेळी आम्ही सर्वांत वरच्या फळीची उंची मोजली, जड खोकी नेमकी तेथेच का ठेवली जातात हे विचारले आणि धोक्याच्या मूल्यांकनाची प्रत मागितली. प्रत मिळाली, तिच्यात त्या फळीचा उल्लेखच नव्हता.

दोन प्रतिनिधींनी लेखी मागणी केल्यास मालकाला तीन महिन्यांच्या आत सुरक्षा समिती स्थापन करावी लागते. रात्रपाळीच्या प्रतिनिधीने मागच्या महिन्यात माझ्या सहीखाली आपली सही केली. दरम्यान जड खोकी खालच्या फळीवर आली आहेत, मात्र फक्त दिवसपाळीत.