तात्यांनी खाल्लं काय होतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाही. लग्नाच्या पंगतीत, अंबाबाईच्या देवळातल्या रांगेत, कपिलतीर्थ मार्केटात भाजी घेताना, कुठंही भेटलं की प्रश्न तोच, आणि तोही आवाज खाली करून: "तुम्ही तात्यांना भर मीटिंगमधून बाहेर जायला सांगितलंत म्हणे. खाल्लं काय होतं त्यांनी संस्थेचं?"

काहीही नाही. एक रुपयासुद्धा नाही.

हे मी प्रत्येकाला सांगते आणि बाई काहीतरी लपवतेय असंच प्रत्येकाला वाटतं. माणसाला बाहेर जा म्हणायचं ते चोरी सापडल्यावरच, असं आपण धरूनच चालतो. मी सांगितलं ते तात्यांनी काही खाल्लेलं नव्हतं तेव्हा, आणि सांगायची वेळ तीच असते असं मला वाटतं. नीट सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

आमची संस्था लहान. कोल्हापुरात दसरा चौकाजवळच्या एका बोळात दोन खोल्या, एक कपाट, नऊ विश्वस्त. पुरात घर पडलेल्या आणि स्वतःची जागा नसलेल्या कुटुंबांना घर बांधून द्यायचं, एवढंच काम. शासनाचं घरकुल आहे, त्या वेळी सपाट भागात 1 लाख 20 हजार मिळायचे, पण त्याला पायाखाली जागा लागते. ज्याची जागाच नाही त्याचं नाव यादीत आलं तरी घर कागदावरच राहतं. आम्ही त्या माणसासाठी आहोत. बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाल्यावर मी इथं खजिनदार झाले.

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 55 च्या वर गेलं आणि दोनच वर्षांनी, 2021 च्या जुलैत, पुन्हा तिथंच. पांढऱ्या मातीची भिंत पाण्यात उभी असते तोवर उभी दिसते. पाणी ओसरून ऊन पडलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी बसते. लोक छावणीतून घरी येतात, चूल मांडतात आणि मग घर पडतं. मी हे डोळ्यांनी बघितलंय. एका घरात भिंत गेली होती आणि देवळी तेवढी उरली होती, आत कुंकवाच्या करंडात गाळ भरलेला.

तात्या त्या वेळी जिल्हा परिषदेचे सदस्य होते. एकोणीसच्या पुरात तीन दिवस कमरेभर पाण्यात उभे राहून त्यांनी माणसं होडीत चढवली, तेही मी बघितलंय. संस्थेत ते विश्वस्त म्हणून आले ते आमच्याच आग्रहावरून. ग्रामपंचायतीचा दाखला अडला की तात्यांचा एक फोन पुरायचा. गावातला गट कुठलाही असो, दूध संस्थेत कोण, सोसायटीत कोण, कारखान्याला कुणी कुणाच्या विरोधात पॅनल लावलं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांच्याशिवाय आमची निम्मी घरं उभी राहिली नसती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना खलनायक कराल, आणि ते तसे नाहीत.

2021 च्या दिवाळीनंतर आम्ही 14 घरांसाठी जागा बघत होतो. करवीर तालुक्यात एन.ए., म्हणजे बिगरशेती झालेल्या 20 गुंठ्यांचा प्रस्ताव आला. तात्यांनीच आणला. गावाला लागून, रस्त्यावर, आणि दर आजूबाजूच्या भावापेक्षा गुंठ्याला वीस हजारांनी कमी. सगळे खूश. मीही.

बँकेतली सवय म्हणून असेल, सातबारा हातात आला की मी नावाआधी फेरफार क्रमांक बघते. कब्जेदाराचं नाव ओळखीचं वाटेना. फेरफार, म्हणजे जमीन कुणाकडून कुणाकडं आली त्याची नोंद, काढून आणला. जमीन वाटणीत आलेली, आणि वडिलांचं म्हणून जे नाव होतं ते तात्यांच्या सासऱ्यांचं. म्हणजे विकणारा तात्यांचा मेहुणा, त्यांच्या मंडळींचा सख्खा भाऊ. त्याच फेरफारात दिसलं, की आपल्या 20 गुंठ्यांना लागून त्याचीच दीड एकर अजून मागं आहे.

इथं जरा थांबा, कारण लोकांना नेमकं हेच समजत नाही. दर कमी होता, मग फायदा कुणाचा? अहो, चौदा घरांची वस्ती झाली की तिथं रस्ता येतो, पाण्याची लाइन येते, खांब येतात. सार्वजनिक पैशातून येतात आणि ते मंजूर होताना तात्या जिल्हा परिषदेत बसलेले असतात. मग मागच्या दीड एकराचे प्लॉट पडले की त्याचा दर काय होईल ते तुम्हीच सांगा. यात कुणी चोरी केली नाही, कुणाचा खिसा कापला नाही. तरी एकच माणूस संस्थेकडून विकत घेत होता, मेहुण्याच्या बाजूनं विकत होता आणि रस्त्याच्या मंजुरीलाही हात वर करणार होता.

तात्यांनी हे लपवलं असंही मी म्हणणार नाही. त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. ते म्हणे, घरातली जमीन आहे म्हणून तर स्वस्तात देतोय.

आणि हो, भर मीटिंगमध्ये मी एकदम काही बोलले नाही. आदल्या रात्री फोन केला. म्हटलं, "तात्या, उद्या विषय क्रमांक चारला तुम्ही बाहेर बसा. जागा तुमच्या मेहुण्यांची आहे." ते हसले. "वहिनी, मी काय पैसे खातोय काय?" मी म्हटलं, नाही, आणि खात नाही म्हणूनच बसा. त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी विषय निघाला तरी ते खुर्चीतच. मग मला अध्यक्षांना उद्देशून बोलावं लागलं. एकच वाक्य बोलले. अध्यक्ष कागद चाळत राहिले. तात्या उठले, मोबाइल घेतला आणि बाहेर व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर जाऊन बसले. आमच्याकडं अर्ज घेऊन येणारे लोक बसतात तो बाक.

आत मिनिटभर कुणी बोललं नाही. मग आमचे मास्तर, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, त्याच भागातले, हळूच म्हणाले, "एकोणीसला तितं पाणी आलतं का, हे कुणी बघितलंय?"

मी प्रोसिडिंग, म्हणजे मीटिंगांची नोंदवही, उघडलं. या जागेवर त्याआधी तीन मीटिंगा झाल्या होत्या. दराची चर्चा होती, मुद्रांक शुल्काची होती, शाळा किती लांब याची होती. पाण्याचा शब्द नव्हता. पूरग्रस्तांना घरं देणारी संस्था, तीन मीटिंगा, आणि जागेवर पूर येतो का हे कुणी विचारलेलं नाही. मीही नाही. मी फेरफार वाचला, पण नदी विसरले. त्याची टोचणी अजून आहे.

मास्तरांना उत्तर ठाऊक होतं, तीनही मीटिंगांत ठाऊक होतं. आधी का नाही बोललात, असं नंतर विचारलं तर म्हणाले, "सून तात्यांच्या शाळेत लागलीया, मॅडम. ते समोर बसल्यात आणि मी त्यांच्या मेव्हण्याच्या जमिनीला खोट काढू?"

मी जे सांगत असते ते एवढंच. तात्या खोटं बोलले नाहीत, त्यांना कुणी विचारलंच नाही. ते खोलीत होते म्हणून विचारलं नाही. विश्वस्ताचं हित आड आलं की आधी पैसा जातो असं सगळ्यांना वाटतं. आमच्याकडं आधी गेला तो प्रश्न.

रविवारी आम्ही चौघं जाऊन आलो. जागा दिसायला छान, हिरवीगार. कडेला एक पडका गोठा. त्याच्या भिंतीवर गाळाची रेघ होती, पट्टीनं ओढावी तशी सरळ. मी तिच्याजवळ उभी राहिले तर माझ्या छातीला लागत होती. बाजूच्या बाभळीत त्याच्याही वर काटक्या, प्लॅस्टिक आणि कुणाच्या तरी परकराची नाडी अडकलेली. नकाशा काढला तेव्हा कागद स्वच्छ निघाला: निळ्या पूररेषेच्या बाहेर, लालच्या आत. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाची. दोन वर्षांत दोनदा बुडालेल्या बाईला ही शंभर वर्षं मी कशी समजावणार होते?

कायदा काय म्हणतो, हेही लोक विचारतात. कायदा आहे, पण तो या खोलीपर्यंत पोचत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा 1950 चा. त्याच्या नियमांप्रमाणे लेखापरीक्षकाला दरवर्षी अहवालात सांगावं लागतं, की विश्वस्ताचं संस्थेच्या गुंतवणुकीत हित आहे का, विश्वस्त संस्थेचा देणेकरी वा घेणेकरी आहे का, आणि 5,000 रुपयांवरच्या बांधकाम-दुरुस्तीला निविदा मागवल्या का. बहुतेक ठिकाणी उत्तर एका शब्दात भरतात आणि खाली सही होते. हे सगळं विश्वस्ताबद्दल, मेहुण्याबद्दल नाही. मेहुणा सापडायचा तो त्या वेळी लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्यात. तिथल्या कलम 13 मध्ये नातेवाईक म्हणजे कोण ते लिहिलं होतं आणि बायकोचा भाऊ त्यात स्पष्ट होता. पण ते कलम दुखायचं कधी, तर संस्थेनं नातेवाइकाला वाजवीपेक्षा जास्त किंमत दिली तर. आम्हाला तर कमीत मिळत होती! आणि एकदा घेतली की संस्थेची स्थावर मिळकत कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकताही येत नाही. म्हणजे चुकीची जागा घेतली तर ती गळ्यातच.

"शाहू महाराज स्वतः संस्थांचे अध्यक्ष नव्हते का?" हेही मला ऐकवलं जातं, आणि कोल्हापुरात त्यावर बोलती बंद व्हावी अशीच अपेक्षा असते. होते की. 1906 च्या मोहामेडन एज्युकेशन सोसायटीचे ते स्वतः अध्यक्ष होते. दसरा चौकातली बोर्डिंगं, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं, मी रोज बघत ऑफिसला जाते. पण महाराजांनी जागा दिल्या, इमारतींना पैसा दिला, आणि चालवायला त्या त्या समाजाच्या लोकांना पुढं केलं. सत्तेतला माणूस संस्थेत नको, असं मी कधीच म्हटलेलं नाही. देणारा असेल तर खुर्ची देऊ. त्याच्या घरचं विकायला आलं की त्या विषयापुरतं त्यानं उठावं, आणि उठला हे प्रोसिडिंगमध्ये वेळेसकट लिहावं. आमच्या त्या पानावर लिहिलंय: सभागृह सोडले 5.40, परत आले 6.15. माझ्या अक्षरात आहे.

त्याचा त्रास झाला. मी विरोधी गटाची आहे अशी हवा आठ दिवसांत झाली. आपल्याकडं प्रश्न विचारणाऱ्याला आधी गट चिकटवतात, मग प्रश्नाचं उत्तर द्यावं लागत नाही. माझ्या यजमानांना त्यांच्या सोसायटीच्या सभेत कुणी तरी टोमणा मारला. पुढच्या कामांना दाखले महिना-महिना लांबले. ते तात्यांनी लांबवले असं मी म्हणत नाही, त्यांचा फोन आता जात नव्हता एवढंच. मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेवर प्रशासक आला, तात्यांचं पद गेलं, आणि त्याच सुमारास त्यांनी संस्थेचाही राजीनामा दिला.

आम्ही वर माळावर जागा घेतली. चार किलोमीटर लांब, दर जास्त. त्या पैशात 14 च्या जागी 11 घरं बसली. उरलेल्या तीन कुटुंबांतली एक मावशी मला आजही भेटते, मुलीकडं पत्र्याच्या खोलीत राहते. ती म्हणते, "ताई, खालची जागा घेतली असती तर माझं घर झालं असतं. पाणी काय, चार दिस येतंय आणि जातंय." तिला मी काय उत्तर देणार? तिचा हिशेब तिच्या जागी बरोबर आहे. माझा निर्णय मी पुन्हा तोच घेईन, पण तिच्या डोळ्यांत बघून तसं म्हणायची हिंमत मला झालेली नाही. तिचं नाव नव्या यादीत पहिलं आहे.

तात्या मागच्या वर्षी एका लग्नात भेटले. स्वतःहून शेजारी येऊन बसले. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाले, "वहिनी, पाण्याचं मला कुणी विचारलं असतं तर मी खरं तेच सांगितलं असतं."

मी म्हटलं, "ठाऊक आहे, तात्या. पण तुम्ही तिथं बसला होता."

ते बराच वेळ गप्प होते. उठताना म्हणाले, "तो बाक तेवढा दुरुस्त करून घ्या. एक पाय हलतोय त्याचा. म्हाताऱ्या माणसांनी बसायचं त्याच्यावर."

बाक दुसऱ्याच आठवड्यात दुरुस्त करून घेतला. या पावसाळ्याआधी माळावरच्या घरांच्या वायरिंगची कोटेशनं आली, त्यात एक माझ्या भाच्याचं होतं. विषय निघाल्यावर मी सांगितलं, वेळ लिहायला लावली आणि बाहेर त्या बाकावर जाऊन बसले. काम भाच्याला मिळालं नाही. आत कोण काय बोललं ते मी विचारलेलं नाही.