काळा गंज

अण्णांच्या दुनळीच्या डाव्या नळीवर एक अंगठा उमटला होता. शाईचा नव्हे, गंजाचा. कुणीतरी घामेजल्या हाताने बंदूक उचलली, न पुसता चामड्याच्या म्यानात सरकवली आणि ती महिनोन्‌महिने तशीच पडून राहिली. घामातलं मीठ आणि चामड्याने धरून ठेवलेली ओल, एवढं पुरतं. भिंगाखाली धरलं तर बोटाच्या रेषा मोजता याव्यात इतकी बारीक छिद्रं पोलादात पडली होती.

अण्णा म्हणजे माझे सासरे. मी अठरा वर्षं धातूंच्या सरफेस फिनिशिंगमध्ये काम करते, म्हणून बंदूक माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "सूनबाई, हिला पहिल्यासारखी काळी करून दे. तुमच्या त्या टाकीत अर्ध्या तासात होईल ना?"

टाकी म्हणजे गरम ब्लूइंगची, कारखान्यात जिला ब्लॅकोडायझिंग म्हणतात ती. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं दाट द्रावण साधारण 140 अंश सेल्सिअसला उकळत असतं, त्यात जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, बुडवला की पोलादाच्या पृष्ठभागाचाच काळा ऑक्साइड होतो. सुट्या भागांसाठी प्रक्रिया उत्तम आहे. पण दुनळीच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामधली पट्टी जुन्या बंदुकांत बहुधा कथील-शिशाच्या डाकाने, म्हणजे सोल्डरने, जोडलेल्या असतात. लोकांना वाटतं, उष्णतेने डाक वितळेल. तसं होत नाही. तो डाक वितळतो 183 अंशांच्या आसपास. त्याला खातो तो कॉस्टिक. शिवाय पट्टीखाली शिरलेलं द्रावण कितीही धुतलं तरी निघत नाही, आणि मग सांध्यातून पांढरे क्षार बाहेर येत राहतात. अशी बिघडवून आणलेली एक दुनळी मी हातात घेतली आहे. पट्टी बोटाने हलत होती. म्हणून अण्णांना सांगितलं, अर्धा तास नाही, दहा दिवस लागतील.

मी निवडला तो जुना, संथ मार्ग: नळीला मुद्दाम गंज चढवायचा आणि तो उकळायचा.

लाल गंज आणि बंदुकीचा काळा रंग, दोन्ही लोखंड आणि ऑक्सिजनचीच संयुगं. लाल गंज फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. काळा म्हणजे मॅग्नेटाइट, तो पोलादाला घट्ट चिकटून बसतो. उकळत्या पाण्यात लाल गंजाचा काळा होतो. सगळी विद्या एवढीच. बाकी सगळी हातांची शिस्त.

काडतूस नाही ना, हे दोनदा पाहून नळ्यांची जोडी बंदुकीपासून सुटी केली. जुना रंग आणि गंज उतरवून 400 नंबरच्या पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासलं. आरशासारखी चकाकी इथे उपयोगाची नाही, गंजाला धरायला जागा लागते. नळ्यांना आतून वार्निश दिलं, कारण आत गंज नकोच. मग तेल काढणं. या टप्प्यावर घाई केली की पुढचं सगळं वाया. स्वच्छ पाणी नळीवरून अखंड पडद्यासारखं ओघळलं पाहिजे. कुठे थेंब तुटले की तिथे अजून तेल आहे. त्यानंतर उघडा हात लावायचा नाही.

आम्लाचं द्रावण जवळजवळ कोरड्या बोळ्याने, एका दमात, एकदाच फिरवायचं. मग दमट पेटीत टांगून ठेवायचं. काही तासांनी उघडलं तर नळीवर शेंदरी मखमल आलेली. ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये वीस मिनिटं उकळली. साध्या पाण्यातल्या क्षारांचे डाग पडतात, म्हणून डिस्टिल्डच. पाण्यातच शेंदरी रंग आधी जांभळट होतो, मग काजळासारखा. बाहेर काढून बारीक स्टील वूलने अलगद पुसलं की वरची भुकटी निघते आणि खाली फिकट करडी छटा राहते. पहिल्या फेरीनंतर कुणालाही वाटेल, काहीच झालं नाही. चौथ्या फेरीत करडा गडद झाला, सातव्या फेरीत काळ्यात निळसर खोली आली. मी आठवीला थांबले.

मधल्या दिवसांत अण्णांनी विचारलं, एवढा खटाटोप करण्यापेक्षा तो नवा सिरॅमिकचा लेप का नको? प्रश्न रास्त होता. काळा ऑक्साइड जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा, त्याची स्वतःची राखण तुटपुंजी. खरी राखण त्याने धरलेलं तेल करतं. सेराकोटसारखा लेप त्याच्या दहा-वीस पट जाड असतो, भट्टीत पक्का होतो आणि घामाला दाद देत नाही. रोज पावसात जाणाऱ्या बंदुकीला मी तोच सुचवीन. पण तो बसण्यासाठी पृष्ठभाग वाळूसारख्या कणांच्या माऱ्याने खरबरीत करावा लागतो, आणि अण्णांच्या नळीवर कारागिराने हाताने कोरलेली बारीक वेल आहे. ती मी त्या माऱ्याखाली धरणार नाही.

फिनिश ही वरची सजावट, असं समजणाऱ्यांना मी एम-16 ची गोष्ट सांगते. व्हिएतनाम युद्धात ही रायफल सुरुवातीला चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीला, क्रोम न देता सैनिकांच्या हाती गेली. दमट हवेत चेंबर गंजले, आणि रिकामी काडतुसं आतच अडकू लागली. दोष एकट्या गंजाचा नव्हता, दारूही बदलली होती. पण पुढे चेंबरला क्रोमचा मुलामा दिला गेला. त्याआधी हातात अडलेली रायफल घेऊन माणसं मेली. ही गोष्ट कळल्यापासून मुलाम्याच्या कामाकडे मी वेगळ्या नजरेने बघते.

शेवटच्या उकळीनंतर नळ्या गरम असतानाच तेलात न्हाऊ घातल्या आणि रात्रभर टांगून ठेवल्या. सकाळी जादाचं तेल पुसलं, आतलं वार्निश काढलं, बंदूक जोडली. चामड्याचं म्यान आता फक्त नेण्या-आणण्यापुरतं. घरी ती तेलाचा हात फिरवून कोरड्या कपाटातच राहील, हे अण्णांकडून कबूल करून घेतलं.

ती छिद्रं मी पूर्ण घासली नव्हती. तेवढं पोलाद काढलं असतं तर नळीची भिंत तिथे पातळ झाली असती. अण्णांनी बंदूक खिडकीशी नेली, उजेडात तिरपी धरली. काळ्याखाली तो अंगठा अजून अंधुक दिसतो. त्यांनी आपला अंगठा त्यावर नेला, टेकवला मात्र नाही, आणि खिशातून रुमाल काढला.