तुम्ही विचारलंत म्हणून: कूलरमध्ये डिझाईन ते काय असतं?

पत्र्याची पेटी, एक पंखा, एक पंप, तीन ताट्या. यात डिझाईन ते काय? हे मी जळगावच्या एमआयडीसीत ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, आणि ज्या पोरांना डिझाईनला जायचंय त्यांच्या वडिलांकडून तर कितीदा. गेल्या उन्हाळ्यापासून चोपड्याकडचे नातेवाईक हेच जरा वेगळ्या सुरात विचारतात, "मग त्या कूलरवर तू नेमकं काय केलं होतं?" दोघांचं उत्तर एकच आहे, पण ते दरवेळी अर्धंच दिलं जातं, कारण समोरचा तोवर जेवायला बसलेला असतो. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

मी इंडस्ट्रियल डिझायनर, म्हणजे कारखान्यात बनणारी वस्तू माणूस कशी हाताळणार ते बघून ती कशी असावी हे ठरवणारी. ते कुठे शिकवतात, इंजिनियरपेक्षा वेगळं काय, हे सोडून देते. एका कारखान्यासाठी मी जो कूलर केला, थेट त्यावर येते.

आमच्याकडे मे महिन्यात 44-45 डिग्री म्हणजे नेहमीचंच, आणि हवा कोरडी, त्यामुळे कूलर इथे चालतो, मुंबईत चालत नाही. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता ओढली जाते, हवा जितकी कोरडी तितकं जास्त, म्हणून जूनमध्ये ढग आले की तोच कूलर नुसता चिकट वारा मारतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कूलर बनवणाऱ्याने अजून एक गोष्ट बघायला पाहिजे, ती म्हणजे त्यात पाणी कोण भरतं आणि कसं. कंपनीच्या माहितीपत्रकात लिहितात "ऑटो फिल", नळाला पाईप जोडा, आत फ्लोट व्हॉल्व्ह आहे, टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा. आमच्याकडे बऱ्याच गावांत नळाला रोज पाणीच येत नाही. पाणी ड्रममध्ये साठवलेलं असतं, ते बादलीने नाहीतर हंड्याने ओततात, तेही दिवसातून दोन-तीनदा, आणि ओतते ती घरातली बाई. एक हात बादलीच्या बुडाला, दुसरा आधाराला पत्र्यावर, पाय बहुतेक वेळा अनवाणी आणि ओल्या फरशीवर. कूलरमध्ये करंट उतरला असेल तर त्याला याहून सोपी वाट नाही. मी कागदावर पहिली रेघ मारायच्या आधी घरोघरी जाऊन हे बघितलं, त्या बायांच्या हातांचे फोटो काढले. त्यावर कूलरच्या कारखान्याच्या शेठने मला विचारलं होतं, "ताई, हे फोटो काढायचे पण पैसे लावणार का?" लावले. तेच तर काम आहे.

समोरची जाळी सगळ्यांना आवडली, तिच्याबद्दल मला कोणी काही विचारत नाही कारण ती दिसते. तिच्या फटी बारीक का आहेत ते सांगते. असल्या यंत्रांच्या तपासणीला एक धातूचं बोट असतं, माणसाच्या बोटासारखे सांधे असलेलं, 12 मिलिमीटर जाड आणि 80 मिलिमीटर लांब, ते कुठूनही आत घालून धोक्याच्या भागाला लागता कामा नये. लहान पोराचं बोट त्याहून बारीक. फट कमी केली की वारा कमी होतो, मग पात्यांपासून जाळी किती पुढे घ्यायची, पट्ट्या किती तिरप्या करायच्या, यात आमचे आठवडे गेले. ठीक आहे, ते झालं.

आता मागचं झाकण. पाणी ओतायच्या झाकणाला मी पत्र्याची एक वाकवलेली पट्टी दिली होती आणि पट्टीत एक खाच. कूलरची वायर कायमची आत गेलेली नाही, बाजूला कॉम्प्युटरच्या मागे असते तसलं सॉकेट आणि वायरीच्या टोकाला तसाच प्लग. झाकण बंद केलं की पट्टी सॉकेटवर येते आणि प्लग त्या खाचेतून आत जातो. म्हणजे प्लग लावलेला असेल तोवर झाकण उचलतच नाही. पाणी ओतायचं तर आधी प्लग ओढायचा, दुसरा रस्ताच नाही. यात सेन्सर नाही, सर्किट नाही, वाचायला सूचना नाही. जपानमध्ये कारखान्यांतून याला पोका-योके म्हणतात, सिमकार्डाचा एक कोपरा कापलेला असतो तो याच विचाराने, चुकीचं करताच येऊ नये म्हणून. आपल्या थ्री-पिन प्लगची अर्थिंगची पिन बाकी दोघींपेक्षा लांब असते, ती आत जाताना सगळ्यात आधी लागते आणि निघताना सगळ्यात शेवटी सुटते, तेही कोणीतरी बसून ठरवलेलं आहे. सॉकेट, वायर, पट्टी धरून माझ्या हिशेबाने एका कूलरमागे 60-70 रुपये वाढत होते.

ते झाकण बाजारात गेलंच नाही. जाळी गेली, रंग गेला, बॉक्सवर "नवीन डिझाईन" असं छापून गेलं.

शेठची बाजू मला पूर्ण माहितीये आणि ती खोटी नव्हती. कूलरचा धंदा तीन-चार महिन्यांचा, होळीच्या आत डीलरकडे माल पोचला नाही तर वर्षभर पैसा अडकून बसतो. 24 गेजचा पत्रा वाकवताना दीड-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे होतंच, आणि खाच आणि सॉकेट जुळलं नाही की झाकण अडकतं, लाईनवरची पोरं कानस घेऊन खाचा घासत बसलेली मी स्वतः बघितली. त्यात डीलर म्हणाला की गिऱ्हाईक चालू कूलरमध्येच पाणी ओततं, त्याला दरवेळी प्लग काढायला लावलं तर तो बाजूच्या दुकानातला घेईल. आणि हे पण म्हणाला की कोणीतरी दोन दिवसांत पक्कड घेऊन ती पट्टी तोडेलच. मी म्हटलं, शंभरातल्या दहांनी तोडली तरी नव्वद उरतात. शेठ म्हणाले, "ताई, या सीझनला राहू द्या, पुढच्या सीझनला बघू." मी वाद घातला, मेल केला, कारखान्यात जाऊन परत सांगितलं, आणि माल निघाला.

माझ्या मावशीने तोच कूलर घेतला. चोपड्याच्या दुकानात तिने बोट दाखवून सांगितलं म्हणे, आमच्या पोरीने केलेला द्या.

मे महिन्यातली दुपार. महिनाभरापूर्वी पंप जळाला होता, गल्लीतल्या मेकॅनिकने नवीन बसवला, त्याची वायर आखूड होती म्हणून जोड दिला आणि त्यावर टेप गुंडाळून तो टाकीत सोडून दिला, पाण्यातच. घराचं वायरिंग जुनं, सॉकेटला वरचं मोठं भोक आहे पण त्याच्या मागे वायरच नाही, म्हणजे लांब पिन जाऊन बसते आणि कशालाच लागत नाही. इतके दिवस काही झालं नाही. त्या दिवशी लाईट गेली. पंखा बंद पडला तशी मावशीला वाटलं की आता पाणी भरून घेऊ. झाकण उचललं, डावा हात पत्र्यावर, उजव्याने बादली तिरपी केली, अर्धं पाणी ओतून झालं आणि लाईट आली.

ती चिकटली नाही, फेकली गेली, हे नशीब. ओट्याच्या कडेवर पडली आणि मनगटाची दोन हाडं मोडली. काकांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला, कारण एमसीबी पडला नव्हता, आणि तो पडणारही नव्हता. एमसीबी वायर तापू नये म्हणून असतो, माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या हिशेबी काहीच नाही. माणसासाठी ईएलसीबी लागतो, 30 मिलिअँपिअरला तोडणारा, तो त्या घरात नव्हता आणि आपल्याकडच्या किती घरांत असतो ते तुम्हीच आपल्या बोर्डाकडे बघून सांगा.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा हात प्लॅस्टरमध्ये होता. मी पहिलं काय विचारलं असेन तर, मावशी, बटन बंद का नाही केलं. ती म्हणाली, "लाईटच नव्हती ना व माय, मंग बटन कसाले बंद करू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तिचं बरोबर होतं. पंखा फिरत नाहीये, दिवा लागत नाहीये, तिच्यासमोरची वस्तू तिला सांगत होती की मी बंद आहे. मग बाजूच्या खाटेवरच्या बाईला तिने माझी ओळख करून दिली, ही माझी भाची, कूलर बनवते. त्या बाईने प्लॅस्टरकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "तूच बनाडेल शे ना हाऊ कूलर?"

मी हो म्हटलं. काय म्हणणार होते? की जाळी माझी आणि झाकण माझं नाही?

शेठला फोन केला. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं, दवाखान्याचा खर्च विचारला. पण म्हणाले, यात कारखान्याचं काय? जोड मेकॅनिकने दिला, अर्थिंग घराला नाही, चालू बटनावर झाकण उघडलं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी पण त्या रात्री त्याच मोजत होते आणि मला त्यांचा राग यायचं कारण हेच की मला खोडता येत नव्हतं. फक्त एवढंच की ते झाकण याच दिवसासाठी होतं. मेकॅनिक नीट असेल, वायरिंग नीट असेल, बाई बटन बंद करत असेल, तर माझी गरज कोणालाच नाही, कसलीही पेटी चालेल. ही तिन्ही ढिली असतात हे मला आधीपासून माहिती होतं, माझ्याकडे फोटो होते, आणि प्लग ओढल्याशिवाय झाकण उचललं गेलं नसतं तर लाईट येवो न येवो, त्या पेटीत करंट आलाच नसता.

अहमदाबादला शिकत होते तेव्हा हॉस्टेलच्या भिंतीवर मी डीटर राम्सची चांगल्या डिझाईनची दहा तत्त्वं लावली होती, ब्राउन कंपनीचे रेडिओ आणि शेव्हर करणारा तो जर्मन डिझायनर. प्रामाणिक असावं, समजायला सोपं असावं, टिकाऊ असावं, आणि शेवटचं, डिझाईन जितकं कमी तितकं चांगलं. अजूनही मानते. पण त्या दहांत सुरक्षित असावं असा वेगळा मुद्दा नाही, आणि कारखान्यातून निघेपर्यंत ते डिझाईन जिवंत कोण ठेवणार याबद्दल तर कुठेच काही नाही. त्या वेळची मी आज इथे असती तर म्हणाली असती, तू बाहेर पडायला पाहिजे होतं, झाकण नाही तर जाळी पण नाही. तिला मी सांगते की मी बाहेर पडले असते तर जाळीसुद्धा त्या 12 मिलिमीटरच्या बोटाला न विचारता झाली असती, आणि पोरांची बोटं गेली असती. ती म्हणते, हे तू स्वतःची समजूत काढायला बोलतेस. असेलही. आमचं दोघींचं अजून मिटलेलं नाही.

"लोक नीट वापरत नाहीत त्याला आपण काय करणार" हे मात्र मला कोणी ऐकवू नका. गावात शाळेसमोर जो हातपंप असतो ना, इंडिया मार्क टू, त्याची गोष्ट आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. आधी जे बिडाचे पंप बोअरवर बसवायचे ते परदेशात एका कुटुंबासाठी केलेल्या पंपांच्या नकला होत्या, इथे पहाटेपासून अख्खं गाव दांडा मारायचं, मग ते मोडणारच, आणि खापर फुटायचं गावकऱ्यांवर. जालन्याला मिशनच्या लोकांनी स्टीलचा पंप केला, सोलापूरला तो सुधारला गेला आणि त्यावरून 1970 च्या दशकात युनिसेफच्या मदतीने मार्क टू झाला. बेअरिंगवर फिरणारा दांडा, आत साखळी, कितीही दणके द्या. "हळू हापसा" अशी पाटी लावण्यापेक्षा पंपच तसा केला. पेटंटमध्ये अडकवला नाही म्हणून कितीतरी कारखान्यांनी तो बनवला. आणि लगेच हेही सांगायला पाहिजे की तो बिघडला की गावाला दुरुस्त करता येत नसे, अवजारं घेऊन गाडी यायची वाट बघायची, म्हणून पुढे मार्क थ्री करावा लागला. म्हणजे इतक्या चांगल्या कामातसुद्धा मेकॅनिक राहिलाच होता. माझ्या झाकणातही तो राहिलाय, टाकीतल्या जोडाला ती पट्टी काही करू शकत नाही, आणि झाकण उघडं ठेवून कोणी मुद्दाम प्लग परत खुपसला तर तेही थांबत नाही.

मावशीकडे ईएलसीबी बसवला, अर्थिंगचा खड्डा करून घेतला. कूलर तोच आहे, तिने बदलू दिला नाही.

शेठचा दिवाळीनंतर फोन आला होता, पुढच्या सीझनला नवीन फ्रंट पाहिजे, आणि "ते झाकणाचं पण बघू." बघू म्हणजे काय ते मला लेखी पाहिजे असं मी सांगितलं, त्यावर अजून काही आलेलं नाही. तोवर मी खाच दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर वाढवून घेतलीये आणि सॉकेट पत्र्याऐवजी प्लास्टिकच्या फ्रेममध्ये टाकलंय, म्हणजे पत्रा इकडे-तिकडे झाला तरी पोरांना कानस लागणार नाही. खर्च अजून थोडा वाढला, साधारण आठ रुपये. ते कुठून कमी करायचे ते बघतेय, बहुतेक समोरच्या क्रोमच्या पट्टीतून.