अडलेल्या पटकथेची पटकथा

आज सुट्टी असल्याने स्पाइक जोन्झ दिग्दर्शित ‘अ‍ॅडॅप्टेशन’ हा २००२ सालचा चित्रपट पुन्हा पाहिला आणि संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कशात मन लागले नाही. सुझन ऑर्लीन यांच्या फ्लोरिडातील ऑर्किडचोरावरील पुस्तकाचे रूपांतर करण्याचे काम पटकथाकार चार्ली कॉफमन यांनी स्वीकारले. परंतु रूढ अर्थाने कथानकच नसलेल्या त्या पुस्तकातून पटकथा उभी राहीना, तेव्हा त्यांनी स्वतःची कोंडीच पटकथेत आणली आणि नायकाला स्वतःचेच नाव दिले.

निकोलस केज यांनी चार्ली आणि त्याचा जुळा भाऊ डोनाल्ड या दोन्ही भूमिका केल्या आहेत. डोनाल्ड पूर्णपणे काल्पनिक आहे, तरीही सहलेखक म्हणून त्याचे नाव श्रेयनामावलीत आणि ऑस्करच्या नामांकनातही आले. मला सर्वाधिक हसवतो तो पटकथालेखनाच्या कार्यशाळेतील प्रसंग: चार्लीचे स्वगत चालू असतानाच ब्रायन कॉक्स यांनी साकारलेले पटकथालेखनाचे शिक्षक रॉबर्ट मकी असे निवेदन वापरणाऱ्यांवर कडाडतात आणि ते स्वगत तिथल्या तिथे थांबते.

शेवटी चार्लीने आधी नाकारलेल्या साऱ्या गोष्टी, म्हणजे पाठलाग, बंदुका, अंमली पदार्थ, एकापाठोपाठ एक येतात. अनेकांना ही घसरण वाटते. मला मात्र तो चित्रपटात स्वतःही साचेबद्ध थरारपट लिहिणाऱ्या डोनाल्डच्या हाती गेलेला भाग वाटतो, आणि त्याच धुमश्चक्रीत, दलदलीत लपलेला असताना, समोरच्याने स्वीकारले नाही तरी आपले प्रेम आपलेच असते हे डोनाल्ड भावाला ज्या सहजतेने सांगतो, त्याने आजही माझे डोळे भरून आले.