पोर्तोमारीनच्या पायऱ्या

स्पेनमधल्या सांतियागोच्या पायी यात्रेला निघाले होते. वाटेतल्या सारिया गावापासून गर्दी एकदम वाढली. तिथे पोचल्यावर मिळणाऱ्या यात्रेच्या प्रमाणपत्रासाठी शेवटचे १०० किलोमीटर पायी झाले की पुरतात, म्हणून पुष्कळजण सारियाहूनच सुरुवात करतात. सामान टॅक्सीने पुढे पाठवून, मोबाइलवर गाणी लावून चालणारी पोरं बघून माझी चिडचिड होत होती. आळंदीहून तीनदा चालले आहे मी; दिंडीतही गलका असतोच, पण तो नामाचा असतो. इथे मनातल्या मनात ‘ज्ञानोबा-तुकाराम’ चाललं होतं, तेही सारखं तुटत होतं. त्यात उजव्या टाचेला फोड.

मिन्यो नदीवरचा लांब पूल संपला आणि समोर पोर्तोमारीन गावात नेणाऱ्या उभ्या दगडी पायऱ्या. दोन चढून मी बसलेच. वरून येणारी एक आजी थांबली. माझा मोजा तिनेच हळू सोडवला. पिशवीतून सुई-दोरा काढला, लायटरवर सुई धरली, फोडातून दोरा आरपार ओवला आणि पाणी झिरपावं म्हणून दोन्ही टोकं बाहेर ठेवून कापला. लोणंदच्या मुक्कामी आमच्या दिंडीतल्या मावशींनी अगदी असंच केलं होतं. मला रडू फुटलं. तिने गालावर हात फिरवला, ‘ब्वेन कामिनो’ – वाट सुखाची होवो – म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

वर चौकात चर्च. चर्च कसलं, गढीच! उंच, सपाट भिंती, चारही कोपऱ्यांना बुरूज, माथ्यावर चर्या. सेंट जॉनच्या लढवय्या संन्याशांचं हे ठाणं. नदीवरचा पूल आणि यात्रेकरू सांभाळायला ते इथे होते. दारावरच्या कमानीत वाद्यं घेतलेले २४ वृद्ध बसलेत, आपल्या वीणेकऱ्यांसारखे.

भिंतीला टेकले तर दगडावर आकडा दिसला. शेजारच्या दगडावरही. १९६०च्या दशकात बेलेसारचं धरण झालं, जुनं गाव पाण्याखाली गेलं. त्याआधी या चर्चचा दगड न् दगड सुटा करून, त्यावर आकडे घालून, ते इथे टेकडीवर पुन्हा रचलं.

माझं आजोळ पळसदेवचं. गाव उजनीत गेलं, पळसनाथाचं जुनं देऊळ तिथेच राहिलं. धरण फार आटलं की शिखर वर येतं, मग लोक होडीतून बघायला जातात. कुणी सहज ‘देव पाण्यात घालून बसलेत’ म्हटलं तरी आजी उठून आत जायची. त्या आकड्यांवरून बोट फिरवताना मला इतका राग आला! आमच्या दगडांवर कुणीच का आकडे घातले नाहीत?

चार दिवसांनी सांतियागोला पोचले, प्रमाणपत्र मिळालं.

त्या संध्याकाळी मात्र पोर्तोमारीनच्या चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे त्यांच्या सामूहिक प्रार्थनेला, मागच्या बाकावर बसले होते, टाचेतून दोऱ्याची दोन टोकं लोंबत. एक शब्द कळत नव्हता. मी हरिपाठ म्हणत राहिले.